सावता माळ्याच्या मळ्यातली मिरची



आजचा विषय स्वयंपाकघरातला आहे, पण त्यातला प्रश्न प्रमाणशास्त्राचा आहे. गेल्या काही वर्षांत ‘शिवकालीन थाळी’, ‘पेशवेकालीन पंगत’, ‘यादवकालीन भोजन’ असे फलक जागोजागी दिसू लागले आहेत. महोत्सवांत दिसतात, हॉटेलांवर दिसतात, शाळेच्या स्नेहसंमेलनातही दिसतात. हौस चांगली आहे. आपले पूर्वज काय जेवत होते हे जाणून घ्यावेसे वाटणे यात वावगे काहीच नाही. पण ताटात डोकावून पाहावे तर बटाट्याची भाजी, तिला टोमॅटोचा रस्सा, बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. चव छान असते, आम्हीही आवडीने खातो. तक्रार चवीबद्दल नाही, फलकाबद्दल आहे.

बघा, नुसते ‘थाळी’ म्हटले तर ते जेवण झाले. तिला काळाचे नाव लावले की ते विधान झाले. ‘अमुक काळी, या प्रदेशात, लोक हे खात होते’ अशी ती प्रतिज्ञा आहे. आणि आपल्या नैयायिकांनी सांगून ठेवले आहे की प्रतिज्ञा केली की हेतू द्यावा लागतो. ‘आमच्या आजीच्या आजीपासून असेच करतात’ हा हेतू चालेल का? आजीची आजी म्हणजे फार तर दीडशे वर्षे. शिवकाल त्याच्याही दोन शतके मागे.

आधी सोपा भाग उरकू. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, लाल भोपळा, आपण आज ज्याला रताळे म्हणतो ते, फरसबी, राजमा, काजू, पेरू, पपई, अननस ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोहोचला १४९२ साली, वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतले १५१० साली. त्यामुळे चौदाव्या शतकाच्या ताटात यांतले काही वाढायचे नाही, इतके सरळ आहे. पण त्यापुढे मात्र सरसकट बोलता येत नाही, कारण ही पिके एकदम आली नाहीत. मिरची सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर उतरली. टोमॅटो आणि बटाटा आपल्या रोजच्या भाजीत रुळले ते इंग्रजी अमलात, म्हणजे मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. फ्लॉवरचे बी इंग्रजांनी १८२२ साली सहारनपूरच्या बागेत आणले. फ्लॉवर अमेरिकेतला नव्हे, युरोपातला; पण आपल्याकडे तो बटाट्याचाच समवयस्क.

म्हणजे शिवकालीन ताटात, १६३० ते १६८० या काळात, मिरची शक्य आहे. गोव्यात ती येऊन शतक उलटले होते. पण ‘शक्य आहे’ आणि ‘होती’ यांत अंतर आहे, आणि ‘होती’ आणि ‘सह्याद्रीतल्या प्रत्येक मावळ्याच्या भाकरीवर होती’ यांत त्याहून मोठे अंतर आहे. टोमॅटो आणि फ्लॉवर मात्र त्या ताटात बसत नाहीत. एवढे सांगून व्याख्यान संपवता आले असते. पण यादी पाठ केल्याने विचार करायची सवय लागत नाही, म्हणून जरा पुढे जाऊ.

पहिली अडचण नावांची. जुन्या ग्रंथात एखादे नाव सापडले की आपल्याला आनंद होतो, की बघा, आपल्याकडे हे होतेच! पण नाव तेच राहून वस्तू बदलते. संस्कृतात ‘मरीच’ म्हणजे काळी मिरी. मराठीत तिचे मिरे झाले, आणि परदेशाहून एक नवी तिखट शेंग आली तेव्हा तिला याच घराण्यातले नाव मिळाले, मिरची. ‘आलु’, ‘आलुक’ हे शब्द जुन्या ग्रंथांत आहेत, पण तिथे ते कंदांसाठी आहेत. उत्तरेत बटाट्याला आज ‘आलू’ म्हणतात, म्हणून चरकाच्या काळी बटाटा होता असे होत नाही. आपण मराठी लोकांनी ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून घेतला, म्हणजे निदान शब्दाच्या बाबतीत तरी आपण प्रामाणिक. रताळ्याचे नाव ‘रक्तालु’वरून आलेले. तो लाल-जांभळा कंद वेगळा, कोनफळाच्या जातकुळीतला. नवे गोड कंदमूळ आले आणि जुन्याच्या नावावर बसले. टोमॅटोला आपल्याकडे वेलवांगी म्हणत, विदर्भात अजून भेदरे म्हणतात. उद्या कोणी ‘वांगी’ या शब्दावरून टोमॅटोचे प्राचीनत्व सिद्ध करू लागला तर त्याला काय म्हणाल?

आणि आपल्या नाशिकचे उदाहरण घ्यायचे तर सीताफळ आणि रामफळ. पंचवटीत सीतागुंफेच्या परिसरात यात्रेकरूंना वाटते की ही फळे वनवासातली, नावातच पुरावा आहे. वनस्पतिशास्त्र म्हणते की हे कूळ अमेरिकेतले. भारहुत आणि मथुरेच्या शिल्पांत सीताफळ दिसते असे कनिंगहॅम यांना वाटले होते. काही उत्खननांत त्याच्या बिया मिळाल्याचाही दावा आहे. ती चर्चा चालू राहू द्या. तिथे पुरावा म्हणून शिल्प आहे, बी आहे, त्यावर वाद करता येतो. पण नाव हा पुरावा नव्हे. फळ आले, आवडले, आणि लोकांनी त्याला आपल्यातले सर्वांत लाडके नाव दिले. नावावरून जिव्हाळा कळतो, वय कळत नाही.

दुसरी अडचण मौनाची, आणि ही जास्त रंजक आहे. एखाद्या जुन्या ग्रंथात मिरची नाही. यावरून मिरची नव्हती असे म्हणता येते का? इथे मीमांसक मदतीला येतात. कुमारिल भट्टांच्या परंपरेने ‘अनुपलब्धि’ हे स्वतंत्र प्रमाण मानले. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. पण त्याला अट घातली, योग्यतेची. घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. भरपूर उजेड असताना घट दिसला नाही तर घट नाही. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता हा दिवा घेऊन ग्रंथांकडे जाऊ. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा, त्याच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ ११२९-३१ च्या सुमाराचा. पाच विंशती, शंभर अध्याय. त्यात ‘अन्नभोग’ म्हणून प्रकरण आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादित केलेली प्रत उपलब्ध आहे. या प्रकरणात पाककृती आहेत, फोडण्या आहेत, मिरे, आले, हिंग, जिरे, मोहरी, हळद आहे. असा ग्रंथ म्हणजे उजेड असलेली खोली. इथे मिरची नाही, याला अर्थ आहे. तसेच ‘ऐन-इ-अकबरी’चे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझल भाज्यांचे, फळांचे, मसाल्यांचे दर देतो, पदार्थांत कोणता जिन्नस किती पडतो ते देतो. मिरी आहे, आले आहे, मिरची नाही. म्हणजे निदान आग्र्याच्या शाही मुदपाकखान्यात ती तोवर पोहोचली नव्हती.

उलट नवी वस्तू आली की असे ग्रंथ गप्प बसत नाहीत. जहांगीर आपल्या आठवणींत अननसाबद्दल लिहितो, फिरंग्यांच्या बंदरांतून आलेले फळ म्हणून. असद बेग हा अकबराचा वकील विजापूरहून परतताना तंबाखू घेऊन आला आणि दरबारात त्यावर केवढी चर्चा झाली, ते त्याने लिहून ठेवले आहे. विजापूरहून, हे लक्षात घ्या. अमेरिकेतली वनस्पती दख्खनमधून उत्तरेला जात होती. ज्यांना मराठी मुलखाचे ताट मांडायचे आहे त्यांच्यासाठी ही नोंद मोलाची आहे. दिल्ली-आग्र्याच्या आधी काही गोष्टी आपल्याकडे येत होत्या.

आता अंधारी खोली कोणती? ‘लीळाचरित्र’ घ्या. तेराव्या शतकातल्या रोजच्या जगण्याचा असा आरसा दुसरा नाही. पण त्यात अन्न येते ते प्रसंगापुरते. एखादी भाजी त्यात नाही म्हणून ती तेव्हा नव्हती, असे म्हणणे म्हणजे काळोखात घट शोधणे. तिसरा प्रकार अवघड. रघुनाथ गणेश नवहस्त, समर्थ रामदासांच्या परिचयातले पंडित, ज्यांना पुढे तंजावरला व्यंकोजीराजांच्या दीपाबाई राणीसाहेबांचा आश्रय मिळाला. त्यांचे ‘भोजनकुतूहल’ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. शिवकालीन थाळी करणारे या ग्रंथाचे नाव हमखास घेतात. पण हा संग्रहग्रंथ आहे. आधीच्या वैद्यकग्रंथांतली, निघंटूंतली वचने त्यात एकत्र केली आहेत. त्यामुळे ग्रंथाचा काळ एक आणि त्यातल्या एकेका वचनाचा काळ दुसरा. जिथे रघुनाथपंडित आपल्या काळची मराठी नावे देतात, आपल्या काळचा पदार्थ सांगतात, तिथे तो शिवकाल. जिथे ते जुने वचन उतरवतात, तिथे तो शिवकाल नव्हे. हा विवेक न करता अख्खा ग्रंथ एका ताटात वाढायचा, हे बरोबर नाही.

इतकी तयारी झाली. आता खरी परीक्षा घेऊ.

संत सावता माळी. अरण गावचे, आजच्या सोलापूर जिल्ह्यातले. त्यांनी देह ठेवला शके १२१७, म्हणजे इसवी सन १२९५ मध्ये. त्यांचा भाजीचा अभंग महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही? मळ्यातली एकेक भाजी विठ्ठलाचे रूप होऊन येते. कांदा आहे, मुळा आहे, लसूण आहे, कोथिंबीर आहे. आणि मिरची आहे! तेराव्या शतकाच्या अखेरीस, पंढरीजवळच्या मळ्यात, गोव्यात पहिले पोर्तुगीज गलबत लागण्याच्या दोनशे वर्षे आधी.

याची तीन उत्तरे दिली जातात. पहिले, ‘मग मिरची इथलीच, परदेशी विद्वान काहीही सांगतात.’ हे उत्तर टिकत नाही. मिरचीच्या रानटी जाती अमेरिकेतच सापडतात, आणि आपले उजेडातले ग्रंथ सोळाव्या शतकापर्यंत तिच्याबद्दल गप्प आहेत. दुसरे उत्तर, ‘इथे मिरची म्हणजे मिरी.’ शब्दाच्या दृष्टीने शक्य, पण जमिनीच्या दृष्टीने अवघड. मिरीचा वेल दमट हवेचा, कोकण-मलबारचा. माणदेशाच्या शेजारच्या कोरड्या मळ्यात, लसूण-कोथिंबिरीच्या वाफ्याशेजारी तो येणार कसा? मिरी वाण्याच्या दुकानातून यायची. तिसरे उत्तर आम्हाला सर्वांत सयुक्तिक वाटते. सावतोबांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले अशी परंपरा आहे, पण ते जगले ते लोकांच्या तोंडी. सदतीसच्या आसपास अभंग आज त्यांच्या नावावर आहेत. शतकानुशतके गाताना कुठल्या तरी गळ्यात जुन्या शब्दाच्या जागी मिरची आली, किंवा तो चरण, कदाचित तो अभंगच, नंतर घडला. यांतले नेमके कोणते हे इथे ठरवण्याची गरज नाही. ताट मांडणाऱ्याने एवढेच घ्यावे की या अभंगाच्या आधारावर तेराव्या शतकात मिरची वाढता येत नाही.

मग अभंग चुकीचा का? कीर्तनकाराने मिरचीच्या जागी मिरी म्हणावे का? आमचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. कारण अभंगाने काळाची प्रतिज्ञा केलेलीच नाही. ‘माझे काम हीच माझी पूजा, माझा मळा हेच माझे पंढरपूर’ हे त्याचे म्हणणे आहे, आणि ते मिरचीने खोटे होत नाही. थाळीने मात्र काळाचे नाव लावले आहे. म्हणून तीच मिरची अभंगात निर्दोष आणि ‘संतकालीन थाळी’त दोषी. वस्तू एकच, विधान वेगळे. दोष वस्तूत नसतो, विधानात असतो.

आणि याच्याही पुढची गोष्ट. ही मिरची तेराव्या शतकाचा वाईट पुरावा आहे, पण नंतरच्या शतकांचा उत्तम पुरावा आहे. समुद्रापलीकडून आलेले एक रोप आपल्या माळ्यांनी, कुणब्यांनी इतके आपलेसे केले की ते थेट विठ्ठलाच्या नावात जाऊन बसले, आणि इतकी वर्षे टाळकऱ्यांपैकी कोणाच्या कानाला ते खटकले नाही. आपलेपणाचा याहून मोठा दाखला कुठून आणणार?

हे मुद्दाम सांगतो आहोत, कारण ऐतिहासिक ताटाच्या चर्चेत दोन टोके लगेच तयार होतात. एक म्हणते, सगळे आमच्याकडे आधीपासून होतेच. दुसरे म्हणते, परकीय भाज्या ताटातून काढा, शुद्ध व्हा. दोघांचा मूळ समज एकच आहे, की जे जुने तेच आपले. उपवासाचे ताट पाहा. साबुदाण्याची खिचडी: साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो अमेरिकेतला, त्यात बटाटा अमेरिकेतला, मिरची अमेरिकेतली, दाण्याचे कूट अमेरिकेतले. आपले सर्वांत सोवळे ताट! आणि यात विसंगती काहीच नाही. उपवासाचा नियम धान्य वर्ज्य करण्याचा होता, परदेशी वस्तू वर्ज्य करण्याचा नव्हता. नवे कंद धान्य नव्हते, म्हणून ते नियमात बसले. शेजारची भगर मात्र खरोखर जुनी, आणि ती आपल्या इगतपुरी-पेठच्या डोंगरउतारावर वरई म्हणून आजही पिकते. ऋषिपंचमीच्या भाजीचेही तेच. बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हा तिथला नियम. त्यामुळे अळू आणि सुरणाच्या शेजारी मक्याचे कणीस आणि लाल भोपळा सुखाने नांदतात. परंपरा नियम जपते, जिन्नस बदलू देते. ऐतिहासिक पाककलेचे काम उलटे आहे. तिने जिन्नस तपासायचा असतो. ही दोन कामे एकमेकांत मिसळली की दोन्ही बिघडतात.

बरे, नुसती टीका करून उठणे योग्य नाही. समजा आपल्याला नाशिक जिल्ह्यापुरते यादवकालीन ताट मांडायचे आहे. सिन्नर ही यादवांची सुरुवातीची राजधानी, गोंदेश्वराचे देऊळ आजही उभे आहे. हे यादव कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक, म्हणून मानसोल्लास इथे साक्षीला बोलावता येतो. भाज्यांत वांगे घ्या, पडवळ, दोडके, कारले, दुध्या, काकडी, मुळा, सुरण, अळू, शेवगा घ्या. घेवडा घ्यायचा तर फरसबी नको, वाल किंवा पावटा घ्या. तिखटाला मिरे, आले, पिंपळी. आंबटाला चिंच, आवळा, कैरी, ताक.

पण इथेही तीन प्रश्न विचारा. पहिला, हे ताट कोणाचे? मानसोल्लास राजाचा आहे. त्याच अन्नभोगात शेतातले उंदीर भाजण्याची कृती आहे, कासव आहे, खेकडा आहे. थाळीवाले तेवढे गाळतात आणि गोड पदार्थ उचलतात. गाळायला हरकत नाही, पण मग ‘निवडक’ म्हणा. आणि राजाचे ताट सिन्नरच्या नांगरट्याच्या घरी नेऊ नका. दुसरा प्रश्न, महिना कोणता? वांगे जुने खरे, पण चातुर्मास पाळणाऱ्या घरात ते आषाढानंतर शिजत नाही. त्यासाठीच तर आधी कांदेनवमी साजरी होते. त्या घराचे म्हणून श्रावणात भरली वांगी वाढली, तर भाजी बरोबर आणि पंचांग चूक. तिसरा प्रश्न, वाण कोणता? आजचे संकरित वांगे आणि आठशे वर्षांपूर्वीचे वांगे यांत नाते आहे, पण ती एकच वस्तू नव्हे. तेव्हा दावा जरा खालच्या पट्टीत करावा.

यांतल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला ग्रंथालयात जावे लागतेच असे नाही. पावसाळ्यात बुधवारी गंगाघाटावरच्या बाजारात जा. पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबकच्या बाजूने आलेल्या आदिवासी बाया फडक्यावर रानभाज्या मांडून बसलेल्या असतात. शेवळे, करटुली, कुरडू, चाईचा मोहर, बांबूचे कोंब. शेवळे घशाला खाजते, म्हणून त्यात काकडाची आंबट फळे घालायची, हे त्या बाईला ठाऊक असते. ते ज्ञान मानसोल्लासात शोधू नका. राजाच्या मुदपाकखान्याचा उजेड तिच्या झोपडीपर्यंत पोहोचत नव्हता. अर्थात, रानातले म्हणजे जुनेच, असाही नियम नाही. आपल्या माळरानावरचा फड्या निवडुंग अमेरिकेतलाच. प्रत्येक भाजीला वेगळा पुरावा लागेल. पण एक गोष्ट आम्हाला खटकते. जुन्या अन्नाच्या नावाने चकचकीत थाळीला शेकडो रुपये मोजणारा माणूस याच बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. इतिहासाचा अभिमान तिथे कुठे जातो?

म्हणून थाळी मांडणाऱ्यांना विनंती एवढीच. थाळ्या बंद करू नका. फलकाखाली चार ओळी लिहा: यातले कोणते जिन्नस त्या काळचे म्हणून सिद्ध आहेत, कोणते शक्य आहेत, कोणते आजच्या जिभेसाठी घातले आहेत, आणि हे ताट राजाचे आहे की रयतेचे. त्याने गिऱ्हाईक पळणार नाही. उलट जेवता जेवता चार माणसे विचार करतील. मुलांना इतिहास शिकवायचा तर तो असाच शिकवावा, खात्री आणि शक्यता यांतला फरक दाखवत. ठेचा वाढायचा असेल तर खुशाल वाढा. फक्त सावतोबांच्या सहीने वाढू नका.

इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ.